खेमराजचा स्वतंत्र मुलूख

बकाराम लेक-जावयाला न्यायला कनेरगडात गेला, तेव्हा राजकारण करण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. सत्तेचाळीसचा अधिक श्रावण चालला होता आणि नंदाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बसवायचे, दिवा लावून अनारशांचे वाण द्यायचे, एवढाच बेत. तिकडे त्याच्या गावी, कामठ्याला, देवकाबाईने तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, कुटून, गूळ घालून पीठ मुरत ठेवले होते. "अवसेच्या आत घेऊन या," तिने नवऱ्याला बजावले होते. "नाई त तीन वर्स वाट पाहा लागन." धानाची रोवणी आटपली होती, बैल मोकळे होते. बकाराम खुशीत निघाला.

कनेरगड म्हणजे नाल्यापलीकडची एवढीशी रियासत. नाल्याच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख आणि पलीकडे राजेसाहेबांचा. पण बकारामच्या बैलांना हा फरक कधी कळला नव्हता. आता इंग्रज चंबूगबाळे आवरत होता, आणि राजेसाहेबांनी नव्या संघराज्यात सामील व्हायचे की वेगळेच राहायचे, हे अजून ठरवले नव्हते. ते विचार करत होते. त्यांचा विचार सावकाश चाले.

व्याही खेमराज हा दरबारचा मानकरी होता. दोन वर्षांपूर्वी राजेसाहेबांचा हत्ती त्याच्या धानात शिरला आणि सकाळभर चरत राहिला. खेमराजने हूं की चूं केले नाही. त्याबद्दल दसऱ्याला त्याला दरबारातून पागोटे मिळाले. तेव्हापासून कनेरगडचे राज्य थोडेसे आपल्याही डोक्यावर आहे, असे त्याला वाटू लागले होते.

बकारामला हे ठाऊक असायला हवे होते. पण ओसरीवर चहा घेता घेता तो सहज बोलून गेला, "आता तुमचे राजेसाहेबबी सही करून टाकतीन, इवाई. एवढूसं राज्य, एकटं राहून करन काय?"

खेमराजने कपबशी खाली ठेवली.

"काय करन म्हंजे? राज्य करन."

बकाराम हसला. व्याही हसत नाही हे त्याच्या लक्षात आले, तोवर उशीर झाला होता. राजेसाहेबांचे ठरेपर्यंत कनेरगड हा स्वतंत्र मुलूख आहे, असे खेमराजने जाहीर केले. नाल्यापलीकडे परदेश. आणि परदेशात आपल्या घरचे माणूस दरबारच्या हुकुमाशिवाय जाणार नाही, मग अनारसे असोत की आणखी काही असो. जावई टेकचंद गाडी जुंपायला उठला होता, तो बापाकडे पाहून पुन्हा बसला. दाराआड नंदाने बांधलेले गाठोडे हळूच सोडले. बकारामला ते दिसले. आपल्या जिभेला हाड नाही हे देवकाबाई वर्षानुवर्षे सांगत आली होती. आता ते खरे करून दाखवायला आपण रिकाम्या गाडीने घरी जाणार, असे त्याला दिसू लागले.

रागाने काम बिघडेल म्हणून त्याने समजुतीने घ्यायचे ठरवले. शेजारचे दोघे-चौघेही येऊन टेकले आणि संध्याकाळपर्यंत ओसरीवर सामील व्हावे की वेगळे राहावे याचा रीतसर खल झाला. खेमराजने वेगळे राहण्याचे फायदे सांगितले: आपला राजा, आपला तलाव, आपले धान, आपली मोहाची झाडे, आपला हत्ती. बकारामने विचारले, मीठ कुठून येते? गोंदियाच्या बाजारातून. रॉकेल? गोंदियाहून. नांगराचा फाळ, चहापत्ती, धोतरजोडी? सगळे गोंदियाच्या टेशनावर उतरते. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. खेमराज जरा विचारात पडला, पण दरबारी पागोटे घातलेल्या माणसाला ओसरीवर माघार घेता येत नाही.

"परदेशाच्या मिठावाचून कनेरगडचं अडून नाई राहिलं," तो म्हणाला.

हे बोलणे स्वयंपाकघरात ऐकू गेले. तिथे त्याची बायको सुशिलाबाई चुलीपाशी होती. ती मोजके बोलणारी बाई. रात्री ताटे वाढली गेली. बाकी सर्वजण नेहमीसारखे जेवले, खेमराजने मात्र पहिल्याच घासाला तोंड वाकडे केले.

"वरनात मीठ नाई."

"मीठ परदेशाचं होतं," सुशिलाबाई म्हणाली. "तुमच्या वरनात नाई टाकलं."

खेमराजने पाहुण्यासमोर अळणी वरण तत्त्व म्हणून संपवले. सकाळी चहाच्या वेळी त्याच्या पुढ्यात गरम पाणी आणि गूळ आला. तेही त्याने तत्त्व म्हणून प्यायले. मात्र बकारामवर त्याने सूड उगवला.

"ज्याचा मुलूख त्यानं त्यात राहावं," तो ओसरीवरून मोठ्याने म्हणाला. "परदेशी मानसानं आपल्या देशात जावं. हा आमचा कायदा आहे."

सुशिलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"पक्का कायदा होय का जी?"

"पक्का."

"मंग नंदा कामठ्याची आहे. मीबी कामठ्याची आहो. आमाले जावाच लागन."

खेमराजला तिचे माहेरही कामठ्याचेच, हे या कायद्याच्या संदर्भात सुचले नव्हते. त्याने मुलाकडे पाहिले. टेकचंदने जमिनीकडे पाहत सांगितले की, आईच्या बाजूने आपणही अर्धे कामठ्याचे आहोत, आणि अर्धा माणूस मागे ठेवता येत नाही. नंदाने पुन्हा गाठोडे बांधले. सुशिलाबाईने कोठीतल्या तांदळाकडे बोट दाखवले, गाय कधी दोहायची ते सांगितले, आणि गाडी नाल्यात उतरली.

खेमराज आता पूर्ण स्वतंत्र झाला. त्याच्यावर कोणाचीही सत्ता नव्हती. गायीने त्याला जवळ येऊ दिले नाही. भाताखाली जाळ किती घालावा हे त्याला साठीच्या जवळ पोहोचूनही माहीत नव्हते, कारण तशी वेळ कधी आली नव्हती. शेजारी जेवायला बोलावीत. पण बायको सोडून गेलेली नाही, आपण तिला कायद्याने पाठवले आहे, हे प्रत्येक घरी समजावून सांगावे लागे. घर फार मोठे वाटू लागले. दरबारातून अजून काही कळले नव्हते. राजेसाहेब विचारच करत होते.

अवसेच्या आदल्या दिवशी कामठ्याला पाट मांडला होता. देवकाबाई जावयापुढे दिवा ठेवत होती, इतक्यात अंगणात गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला खेमराज उभा राहिला. पागोटे डोक्यावर होते. हातात भात शिजवायचा गंज होता आणि त्याच्या बुडाला करपलेला काळा थर.

बकाराम लगबगीने उठला. पुन्हा तोंडातून भलते निघू नये म्हणून त्याने नीट जुळवून विचारले, "राजेसाहेबानं सही केली का जी?"

"त्याइचं ते पाहून घेतीन," खेमराज म्हणाला. त्याने गंज सुशिलाबाईपुढे ठेवला. "मी सामील होऊन राहिलो."

देवकाबाई चपापली, तिने पाट एकाच जावयासाठी मांडला होता. "दुसरा मांड," सुशिलाबाई तिला म्हणाली, "हेबी कामठ्याचेच जावई होत." मग तिने स्वतःच ताट घेतले, अनारसे, भात, वरण वाढले, आणि खेमराजने काही मागायच्या आत ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवले.