फुटेल तो टोमॅटो

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहावं, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि राहतो शनिवार पेठेत, जिथे लोक दुकानाच्या पाटीतलंही शुद्धलेखन तपासतात. काही चुकलं तर आधीच माफी मागतो. पण आमचे घरमालक आगाशेसर टोमॅटो जमिनीवर पाडून बघतात, हे कुणीतरी लिहायला हवं.

सर भूमितीचे निवृत्त शिक्षक. घरात आलेल्या प्रत्येक पिशवीतला एक टोमॅटो ते कमरेच्या उंचीवरून जिन्यासमोरच्या फरशीवर सोडतात. शेजारी फूटपट्टी उभी. टोमॅटो उसळला, तर भिंतीवर पेन्सिलीने नोंद : ‘मंगळवार. चार इंच.’

याला कारण काकू. जानेवारीतल्या आजारपणापासून त्यांचं जेवणच तुटलं. “टोमॅटोच्या साराला चव लागत नाही हो,” एवढंच त्या एकदा म्हणाल्या. सरांनी सिद्धांत मांडला : दोष जाड सालीचा. पातळ सालीचा, आंबट टोमॅटो मिळाला की ही जेवेल.

मग दहा मिनिटांत भाजी पोचवणाऱ्या कंपनीचा माणूस दारात आला.

“काका, ओटीपी सांगा.”

“आधी पाडू द्या.”

“डॅमेज झाला तर रिटर्न होणार नाही, काका.”

“डॅमेज झाला तरच ठेवणार आहे!”

कंपनीला फोनही झाला. “तुमचा टोमॅटो फुटत नाही.” पलीकडची बाई गोंधळली. “सर, फुटत नाही, तर मग प्रॉब्लेम काय आहे?” “हाच,” म्हणून सरांनी फोन ठेवला.

मंडईत त्यांच्याबरोबर मी पिशवी धरून गेलो होतो. गाळेवाला म्हणाला, “नाजूक माल आता लावतंय कोण? दोन दिवस ट्रकात हादरे खायचे, मग गोदामात पडायचं. साल जाड नको का?”

“म्हणजे हा माणसांसाठी नाही, ट्रकसाठी पिकवलाय,” सर म्हणाले. “मग ट्रकलाच वाढा.”

शेवटी लोणी काळभोरच्या माझ्या मित्राने परसातले गावठी टोमॅटो दिले. बसच्या गर्दीत निम्मे फुटले, माझं दप्तर लाल झालं. मी ओशाळून पिशवी पुढे केली, तर सर म्हणाले, “शाबास! वाटेतच सिद्ध झालं.” त्या दिवशी काकू दोन वाट्या सार प्यायल्या.

पुढे तो शिरस्ताच झाला. आतून काकू विचारायच्या, “अहो, आज फुटला का?” फुटला म्हटलं, की दोन वाट्या. उसळला म्हटलं, की अर्धीच. सर या आकड्यांवर इतके खूश, की अन्नखात्याला पत्र लिहायला बसले.

परवा ते काकूंना तपासणीला घेऊन गेले. परत आल्यावर काकू आत जाऊन पडल्या. सर मात्र जिन्यातच बसून राहिले. मी भीतभीतच विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

“मला बाजूला घेऊन सांगितलं. हिची चव गेलीय. जानेवारीतच. आंबट, गोड, काहीच कळत नाही म्हणे.” मग भिंतीवरच्या नोंदींकडे बघत, “ट्रकवाल्यांची माफी मागायला हवी.”

हसावं की नाही, मला कळेना. सरांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“मग फुटलेल्या दिवशी ही दोन वाट्या कशी काय प्यायची रे?”