फुलवंताबाईची परात

इंग्रजी मला कुणी शिकवू नये. अक्कलकुव्याच्या शाळेत मी मॅट्रिकला इंग्रजीत पहिली होते! तेव्हाचे मास्तर शब्द पाठ करून घेत नसत, हातात आणून ठेवत. म्हणून नात मयूरी 'बॉरो' आणि 'लेंड'मध्ये अडखळली, तशी मी पदर खोचला.

वेळ थोडा होता. चार वाजता सुरतेच्या एका दवाखान्यातून फोनवर तिची मुलाखत होती. ही नोकरी हुकली तर उन्हाळ्यात स्थळं बघायची, असं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या राजेंद्रनं, बजावलं होतं.

"आपल्याकडे एकच उसनं," मी म्हटलं, "इंग्रजाला त्याचे दोन शब्द लागतात. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो. जा, शेजारून वाटी बॉरो करून आण."

फुलवंताबाईचा हात मोठा. वाटी मागितली, तिनं परात लेंड केली. मयूरीच्या डोक्यात फरक लख्ख उजाडला. आता परात परत करायची. पण उसनं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम. एवढ्या परातीत गुळाचा खडा म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी! मी घरातला सगळा गूळ ठेवला. माश्या बसू नयेत म्हणून वर लाल खण झाकला आणि परात स्वतः पोचवली.

घरी येऊन जेमतेम टेकते, तोच फुलवंताबाई दारात हजर. हातात नारळ, मागे गल्लीतल्या बाया, प्रत्येकीच्या हातात काहीतरी भरलेलं भांडं.

"पोरनं ठरनं, नि तू माले आते सांगस?"

लाल खणाखाली गूळ म्हणजे आमच्याकडे लग्न ठरल्याचा सांगावा, हे मी साफ विसरले होते. तसं काही नाही, मी सांगतेय, ती ऐकत नाही. आत मयूरीचा फोन सुरू झालेला. बाहेर बायांनी हळदीचं गाणं धरलं. मी हातानं गप्प करत होते, त्यांना वाटलं मी ताल धरलाय. तेवढ्यात राजेंद्र धापा टाकत आला.

"माय, बजारमा लोके माले पेढा मांगी ऱ्हायनात. नवरदेव कोन शे?"

मी दाराला कान लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं असावं, हा गोंगाट कसला. मयूरी इंग्रजीत शांतपणे सांगत होती: आजीनं वाटी बॉरो करायला पाठवलं, काकूंनी परात लेंड केली, आणि आता सगळी गल्ली माझं लग्न लावतेय. पलीकडून हसू फुटलं. मग पुष्कळ वेळ बोलणं चाललं. मला काही ऐकू आलं नाही. आमच्या बायांचे आवाज चांगलेच खडे.

नोकरी मिळाली. मयूरी गेली सुरतेला. राजेंद्र स्थळांचं नाव काढत नाही.

मात्र बाया आपापली भांडी इथेच ठेवून गेल्या. ओट्यावर रांग लागलीय. ती रिकामी परत करता येत नाहीत, आणि घरात गुळाचा कणही उरलेला नाही. फुलवंताबाईकडून आणावा म्हणते.

पण ती तो परातीतच देणार.