दोघांपुरती गाडी

गाडी म्युनिकला उचलायची आणि झुरिकला सोडायची, एवढं ठरवायला नरेंद्र धारपांनी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधला अख्खा हिवाळा खर्ची घातला. दारातलं बर्फ उपसून झालं की ते आत येऊन कॉम्प्युटरपुढे बसत. जन्मभर पुलांचे आराखडे केलेला निवृत्त इंजिनिअर भाड्याची गाडी तरी आराखड्याशिवाय कशी घेणार? रविवारी गावातलं ऑफिस बंद, म्हणून गाडी विमानतळावर उचलायची. एका देशात उचलून दुसऱ्या देशात सोडायची तर कंपनीला आधी कळवायचं. ऑटोमॅटिक हवी असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर हातात गिअरची दांडी येते. सगळा विचार करून नरेंद्ररावांनी एक छोटी, देखणी गाडी बुक केली. दोघांपुरती.

या "दोघांपुरती" शब्दाला त्यांच्या घरात फार वजन होतं. लग्नानंतर सुचित्रा महाबळेश्वरला गेली ती नवरा आणि धाकटी नणंद यांच्याबरोबर. अमेरिकेत आल्यावर नायगारा कितीदा झाला याची गणती नाही, पण दर खेपेला मागच्या सीटवर भारतातून आलेलं कोणी ना कोणी होतंच, आणि सुचित्रा पुढून मागे पुऱ्या पोचवत होती. नरेंद्रराव रिटायर झाले त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "मला एकदा फक्त तुमच्याबरोबर कुठेतरी जायचंय हो." तिने आजवर मागितलेल्या गोष्टी अगदी थोड्या. त्यामुळे ही ट्रिप नरेंद्ररावांच्या लेखी सहल नव्हती, राहून गेलेलं कर्तव्य होतं.

ते कर्तव्य त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या पदार्थांच्या पंगतीत, हातात श्रीखंडाची वाटी असताना, एका वाक्यात धुळीला मिळवलं.

समोर त्यांचे जुने मित्र मनोहर आणि त्यांची बायको वीणा बसले होते. "मग, यंदा काय बेत?" मनोहरनी विचारलं. नरेंद्ररावांनी म्युनिकपासून झुरिकपर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी, तोंडाला लागलेल्या सवयीने, म्हणाले, "चला की तुम्ही पण!"

आता या वाक्याचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे. समोरच्याने "बघू, जमवू" म्हणायचं, दोघांनी हसायचं आणि जेवण संपवायचं. हात धुवायला उठलेल्या पाहुण्याला "अजून एक पोळी घ्या" म्हणावं, तसलाच हा प्रकार. मनोहरनी पोळी घेतली.

"अरे वा! वीणा, ऐकलंस का? आपण युरोपला जातोय. सप्टेंबर मोकळाच आहे आपला!"

शेजारी अंकुर आणि इशिता होते, पुण्याहून नुकतंच आलेलं आयटीतलं जोडपं, मांडीवर छोटी रुही. एकाला बोलावलं आणि शेजारच्याला नाही, हे कसं दिसेल? नरेंद्ररावांचं तोंड पुन्हा आपणहून उघडलं. "तुम्ही पण या रे."

"सिरियसली, काका?" अंकुर उडालाच. "यार इशिता, झाली आपली ट्रिप!"

सुचित्राने चमचा वाटीत ठेवला.  घरी परतताना सिग्नलला गाडी थांबल्यावर तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "सीट किती आहेत हो त्या गाडीत?"

छोटी गाडी कॅन्सल झाली. माणसं, रुहीची कारसीट, सहा बॅगा आणि वीणाचा राइस कुकर बसवायचा तर नऊ सीटची व्हॅन लागणार होती. ऑटोमॅटिक व्हॅन म्युनिकला मिळेना, फ्रँकफर्टला होती, म्हणून विमानाची तिकिटं बदलली. ती व्हॅन दुसऱ्या देशात सोडायला कंपनी तयार नव्हती, म्हणजे जिथून उचलली तिथेच परत आणणं आलं. परतीच्या वाटेला वेळ हवा म्हणून स्वित्झर्लंडमधला तळ्याकाठचा मुक्काम गळला, आणि नेमका तोच सुचित्राने स्वतः निवडला होता. चालवायचं कोणी, यावर फार चर्चा झाली नाही. अंकुरचं लायसन्स कंपनीच्या नियमात बसण्याइतकं जुनं नव्हतं. मनोहर म्हणाले, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे रे. मी शेजारी बसून मॅप बघतो."

म्हणजे पुढची सीटसुद्धा गेली. सुचित्रा कुठे बसणार हे नरेंद्ररावांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती शांतपणे स्वेटर धूत होती.

मग एके दिवशी मनोहरांचा फोन आला. त्यांचा आवाज एखाद्याला दवाखान्यात भेटायला गेल्यासारखा होता. "नरेंद्र, आमचं काही जमत नाही बाबा. तू मात्र जप. संकोच करू नकोस, चेकअप करून घे."

संध्याकाळी अंकुरचाही आला. "काका, प्लीज डोन्ट माइंड. रुही लहान आहे ना, रिस्क नको वाटते. तुम्ही पण रेस्ट घ्या, काका."

नरेंद्ररावांना काही उलगडलं नाही, पण आनंद मावेना. त्यांनी तातडीने व्हॅन सोडली, तिकिटं पुन्हा म्युनिकची केली, छोटी गाडी पुन्हा धरली, तळ्याकाठची खोली मिळवली आणि धावत स्वयंपाकघरात गेले. सुचित्रा मेथी निवडत होती.

"सगळे गळाले! आपण दोघंच! पण मला जो तो जपायला का सांगतोय?"

सुचित्राने एक काडी बाजूला काढली. "मी वीणाला बोलले होते. म्हटलं, अलीकडे यांना स्टिअरिंगवर डुलकी लागते."

"मला? अगं, आयुष्यात पोलिसांचं एक तिकीट नाही मला!"

"मग काय सांगायला हवं होतं? येऊ नका म्हणायचं तोंडावर? कसं दिसलं असतं ते?"

नरेंद्ररावांनी विचार केला. खरंच, फार वाईट दिसलं असतं. पाहुण्याला नको म्हणणं हा उद्धटपणा होता. नवऱ्याची बदनामी मात्र रीतीत बसत होती. त्यांना अपमान वाटला, पण तो फार वेळ टिकला नाही. आपल्याबरोबर एकटीने जाता यावं म्हणून ही बाई एवढं धडधडीत खोटं बोलली, याचंच त्यांना राहून राहून अप्रूप वाटत होतं. त्या दिवशी उरलेली मेथी त्यांनी निवडली.

रविवारी टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून मुलाचा, निहारचा, फोन आला. सुचित्राने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, व्हाय डिड नोबडी टेल मी? मनोहरकाकांनी सांगितलं सगळं. यू आर नॉट ड्रायव्हिंग इन द आल्प्स!"

"अरे निहार, तसं काही नाहीये—"

"काका म्हणालेच, बाबा डिनाय करतील. चारुता आणि मी येतोय. आय टुक टाइम ऑफ. मोठी गाडी बुक केली मी, तुमची कॅन्सल करा. पिकअप म्युनिक, ड्रॉप झुरिक, सेम. आय विल ड्राइव्ह. आणि आई, चारुताची मम्मी सध्या इकडेच आहे ना, त्यांना एकटं कसं ठेवणार? युरोपचा शेंगेन व्हिसा आहे त्यांच्याकडे. इज दॅट ओके?"

नरेंद्ररावांनी सुचित्राकडे पाहिलं. तिने एकदा वाचवलं होतं, पुन्हा वाचवील. तुझे बाबा ठणठणीत आहेत, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की डुलकीचं खोटं उघडं पडणार, आणि दिवेलागणीपर्यंत ते वीणाच्या कानावर जाणार. शिवाय आईबापांसाठी सुट्टी काढायची बुद्धी पोराला कित्येक वर्षांनी झाली होती. आणि सुनेच्या आईला, विहीणबाईंना, नको म्हणायचं?

 सुचित्राचा आवाज एकदम गोड झाला. "अरे, विचारतोस काय? अवश्य या म्हणावं त्यांना!"

 फोन ठेवल्यावर नरेंद्ररावांना हसावं की रडावं कळेना. शेवटी तिचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "जाऊ दे. गाडी निहार चालवणार. निदान मागच्या सीटवर आपण शेजारी शेजारी तरी बसू."

"कसलं शेजारी?" सुचित्रा म्हणाली. "विहीणबाईंना खिडकीतला वारा सोसत नाही. त्या मध्ये बसतील."