शाई कंपनीचे गोळेकाका

गोळेकाकांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, आणि तीही इतकी पातळ की पलीकडे उचकी लागली तर इकडून पाणी न्यावंसं वाटे. तरी गोळेकाका मला पत्र पाठवायचे ते टपालाने. पाकिटाला तिकीट लावून, फ्रीगंजच्या पोस्टापर्यंत चालत जाऊन ते पेटीत टाकायचे. दुसऱ्या दिवशी पोस्टमन यायचा, आधी त्यांच्याच ओट्यावर टेकायचा, त्यांच्याच माठातलं पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "बाबूजी, दीवार के उस पार ही तो देना है. आप खिडकी से पकडा देते."

"खिडकी कायद्यात बसत नाही," काका म्हणायचे. "भागधारकाला नोटीस टपालाने गेली पाहिजे. जाओ, दे आओ."

मग तो चार पावलं चालून येऊन मला पाकीट द्यायचा. मी ते फोडायच्या आत भिंतीतून आवाज यायचा, "सूनबाई, मिळाली का?"

भागधारक म्हणजे मी. त्याचं असं झालं. लग्न होऊन मी साताऱ्याहून उज्जैनला आले तेव्हा देश नवा होता, मध्यभारत नावाचं राज्य त्याहून नवं होतं, आणि आमच्या गल्लीत जो तो काही ना काही काढत होता. कोणी वाचनालय काढलं, कोणी व्यायामशाळा. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या देव मास्तरांनी शाई काढली. त्यांच्या न्हाणीघरातल्या बंबात ती शिजायची. शाई खरोखर चांगली होती. माझे सासरे, म्हणजे अण्णा, कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी ओळखीवर सरकारी कोठाराची ऑर्डर मिळवली. कापडाचे दुकानदार मोहनलालजी म्हणाले, "कंपनी बनाते हैं. लिमिटेड." लिमिटेड या शब्दावर सगळे खूष झाले. आणि कापड गिरणीत तीस वर्षं हिशेब सांभाळून घरी बसलेले गोळेकाका आपण होऊन हिशेबनीस झाले.

दहा रुपयांचा एक भाग. माहेरून निघताना आईने पदराला बांधून दिलेले पन्नास रुपये माझ्याजवळ होते. मी पाच भाग मागितले. सासूबाई म्हणाल्या, "बायकांचं काय काम कंपनीत?" गोळेकाकांनी चष्मा पुसून फॉर्म पुन्हा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, बाई की बुवा हे यात विचारलेलंच नाही." अशी मी बारा जणांत नववी झाले.

कंपनीचं ऑफिस म्हणजे काकांच्या घराची पुढची खोली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलंबाळं नव्हती, तेव्हा खोली रिकामीच होती. काकांनी ती कंपनीला महिना सात रुपयांनी भाड्याने दिली, स्वतःच स्वतःला पावती दिली, आणि जमिनीवर खडूने एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे कंपनी, पलीकडे गोळे.

"कंपनी ही वेगळी असामी आहे," ते सांगायचे. "तिचा पैसा तिचा, माझा माझा. मिसळले की संपलं."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. कंपनीचा माठ वेगळा, घरचा वेगळा. समोर शाईच्या बाटल्यांची रांग असायची आणि काका आपल्या भाच्याला पत्र लिहायचे ते पेन्सिलीने. मोहनलालजी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले आणि सवयीने समोरच्या खुर्चीत बसले, तर काकांनी त्यांना उठवलं.

"ही खुर्ची कंपनीची आहे. आमंत्रण घरचं आहे ना? मग इकडे या."

मोहनलालजी अक्षता सांभाळत रेघ ओलांडून गेले, तिथल्या पाटावर मांडी घालून बसले आणि पत्रिका देऊन झाल्यावर म्हणाले, "अब बोतलों की बात करनी है." 

"मग परत तिकडे चला," काका म्हणाले.

दरवर्षी ते टेबलाची किंमत कमी करायचे. वापराने वस्तू झिजते, तेवढा घसारा पुस्तकात दाखवलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. टेबल जुनंच घेतलेलं, त्यामुळे पाचव्या वर्षी त्याची किंमत शून्यावर आली. अण्णांना आनंद झाला. "किंमत शून्य ना? मग मी नेतो घरी, मला पोथीला पाहिजे."

"किंमत शून्य झाली आहे अण्णासाहेब, टेबल शून्य नाही झालं."

इंदूरहून ऑडिटर यायचे. एका वर्षी त्यांनी दुपारच्या जेवणाआधीच पुस्तकं मिटली आणि "सगळं उत्तम" म्हणून सही केली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. काका दोन दिवस तीच पुस्तकं पुन्हा तपासत बसले. "नीट बघितलंच नाही हो त्यांनी," मला म्हणाले. इतकं लागलं होतं त्यांना.

आणि त्यांचं ते पेटंट वाक्य: "आलं की आलं म्हणू." त्याच्या मागेही हिशेबाचा नियम होता. तोटा नुसता दिसला तरी लिहायचा. नफा मात्र हातात पडेपर्यंत लिहायचा नाही. गल्लीतला कोणी म्हणाला, यंदा पाऊस बरा होऊन राहिलाय, पिकं चांगली येतील, की काका म्हणणार, "आलं की आलं म्हणू." मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने त्यांना सांगितलं. मी दाराआड लाजून उभी. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "छान. पण अभिनंदन आत्ता नाही करत. आलं की आलं म्हणू." सासूबाई आठवडाभर धुमसत होत्या. मुलगा झाला, आणि बाराव्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून, हातात खडीसाखरेचा पुडा घेऊन आले आणि पाळण्यापाशी उभं राहून म्हणाले, "आता करतो. अभिनंदन."

कंपनी बरी चालली होती. पहिली काही वर्षं थोडाथोडा नफा वाटला. मोहनलालजींचा उत्साह वाढला आणि त्यांनी काचवाल्याला एकदम तीन हजार बाटल्यांची ऑर्डर दिली. जास्त घेतल्या म्हणून स्वस्त पडल्या. शिवाय हौसेने काचेतच अक्षरं उठवून घेतली: "मध्यभारत शाई". बाटली हातात धरली की अक्षरं बोटांना लागायची. देव मास्तर एकेक बाटली उजेडात धरून बघत बसायचे. त्यांनी सगळ्या भरल्या.

आणि मध्यभारत गेलं.

म्हणजे राज्यांची फेरमांडणी झाली. आमचं मध्यभारत मध्यप्रदेशात गेलं, राजधानी भोपाळ ठरली, कचेऱ्या आवरून तिकडे निघाल्या. सरकारी कोठाराचं पत्र आलं की यापुढे खरेदी भोपाळहून होईल. गेलेल्या राज्याच्या नावाची शाई नव्या राज्यात कोण घेणार? शाळांना विचारलं, दुकानांना विचारलं. लोक बाटलीवरून बोट फिरवायचे, हसायचे आणि परत द्यायचे.

त्या वर्षीची नोटीस पोस्टमनने दिली तेव्हा भिंतीतून आवाज आला नाही. मला वाटलं, काकांना बरं नाही. पण ते जागेच होते. ताळेबंद तिसऱ्यांदा तपासत होते.

सभेला बाराच्या बारा जण आले. मी मुलाला सासूबाईंकडे ठेवून मागच्या बाकावर बसले. अध्यक्ष अण्णा. काकांनी ताळेबंद वाचला. भरलेल्या तीन हजार बाटल्यांपुढे त्यांनी जवळजवळ काहीच किंमत लावली नव्हती, नुसत्या रिकाम्या काचेची. त्यामुळे वर्ष तोट्यात होतं.

"ये क्या है?" मोहनलालजी उभेच राहिले. "माल तो माल है. जो लागत लगी है वो लिखो. नफा दिखेगा, सबको थोडा डिविडेंड मिल जाएगा. बाजार में मेरी इज्जत है, गोळेसाब."

"माल लागतीला, म्हणजे पडला त्या किमतीला धरायचा, पण विकून तेवढे येणार असतील तरच. नाहीतर जे येतील तेवढेच. आणि नफा नसताना वाटायचं म्हणजे लोकांचंच भांडवल लोकांना परत देऊन नफा म्हणायचं."

"बिक जाएगा. धीरे धीरे."

"मग तुम्ही घ्या," काका म्हणाले. "लागतीला. आत्ता. सगळ्या बाटल्या."

मोहनलालजी गडबडले. "मैं क्या करूंगा इतनी स्याही का?"

"मी हेच ताळेबंदात लिहिलं आहे."

कोणीतरी हसलं, पण अण्णा हसले नाहीत. त्यांचा आवाज चढला. "मग पुढे काय म्हणता तुम्ही?"

काकांनी कागद खाली ठेवला. "पुढे नाही. हिशेब मांडताना आपण एक गोष्ट धरून चालतो, की हा धंदा उद्याही चालू राहणार आहे. यंदा मला ते धरता येत नाही. अजून कोणाचं देणं नाही, बँकेत थोडे पैसे आहेत. आज बंद केली तर प्रत्येकाला रुपयाला अकरा आणे परत मिळतील. दोन वर्षं रेटली तर बाटल्या मिळतील."

देव मास्तर पहिल्यांदाच बोलले. "माझी शाई वाईट आहे का, गोळे?"

"नाही," काका म्हणाले. "तुमची शाई फार चांगली आहे, मास्तर." आणि ताळेबंदावर बोट ठेवून, "तिची किंमत मला लिहिता येत नाही."

मतदान झालं. बंद करायची तर बारापैकी नऊ हात हवे होते. आठ वर आले. अण्णा, मोहनलालजी आणि देव मास्तर हाताची घडी घालून बसले होते. राहिले मी. खरं सांगायचं तर मला कोणी मोजलंच नव्हतं. अण्णा "ठराव नामंजूर" म्हणायला तोंड उघडत होते.

"थांबा," काका म्हणाले. ते उभे राहिले आणि खोलीच्या टोकाकडे बघून म्हणाले, "श्रीमती मालतीबाई. भागधारक क्रमांक नऊ. आपलं मत?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्या घरात मी सूनबाई होते, वहिनी होते, अगं होते. मालतीबाई म्हणून चार लोकांत मला कोणी हाक मारली नव्हती, आणि आपलं मत तर नाहीच नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर मी कधी चढा आवाजसुद्धा काढलेला नव्हता. पदर सावरायला म्हणून हात उचलला, आणि तो तसाच वर नेला.

"नऊ," काका म्हणाले आणि लिहून घेतलं.

काचेच्या बाटल्या एका तेलवाल्याने रिकाम्या करून नेल्या. तीन दिवस देव मास्तरांच्या मोरीतून निळं पाणी वाहत होतं. मला चौतीस रुपये सहा आणे मिळाले, पावतीसह. गल्लीला मात्र हे मानवलं नाही. चांगली चाललेली कंपनी गोळ्यांनी मारली, असंच सगळे म्हणायचे. हात वर करणारेसुद्धा. मोहनलालजींनी त्यांना दुकानावर बोलवणं सोडलं. अण्णांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला अण्णा काही बोलले नाहीत, पण महिनाभर माझ्या हातचा चहा पिऊन "बरा झालाय" म्हणाले नाहीत, एरवी रोज म्हणायचे. काकांनी खडूची रेघ पुसून टाकली. पुढची खोली ते बंदच ठेवायचे.

चारेक महिन्यांनी आमच्या यजमानांच्या बदलीचा हुकूम आला: भोपाळ. सगळं बिऱ्हाडच हलवायचं ठरलं, अण्णा आणि सासूबाईंसकट. तिकडे घरांचा तुटवडा. घरमालकाने आगाऊ भाडं मागितलं. ते माझ्या चौतीस रुपयांतून गेलं. मी पैसे काढून दिले तेव्हा अण्णांनी ते मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाले, "बरं झालं, होते." एवढंच.

निघायच्या सकाळी आम्ही स्टेशनवर सामान चढवत होतो तर गोळेकाका आले. धोतर, कोट, छत्री. आम्हाला वाटलं निरोप द्यायला आले. ते सरळ डब्यात चढले.

"मक्सीला जायचं आहे," म्हणाले. "थोडं काम आहे. म्हटलं, गाडी एकच, तर सोबत होईल."

अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. काका त्यांच्यासमोरच्या बाकावर, अंग चोरून. गाडी सुटली तसा आमचा मुलगा रडायला लागला. मी सामानात अडकलेली; काकांनी त्याला घेतलं. मला तर धाकधूक, कारण त्यांनी लहान मूल कधी हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. पण तो त्यांच्या कोटाचं बटण चोखत खांद्यावर झोपला. सासूबाई म्हणाल्या, "द्या इकडे, हात अवघडेल." काका हळूच म्हणाले, "असू द्या. जागा होईल." ताराना रोड स्टेशन गेलं, शेतं गेली, ते तसूभर हलले नाहीत.

मक्सी आलं. त्यांनी मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं, छत्री घेतली, उतरले. मग खिडकीपाशी येऊन सगळ्यांना चहा दिला, अण्णांनासुद्धा. अण्णांनी कुल्हड घेतला.

"भोपाळचं पाणी जड आहे म्हणतात," काका म्हणाले. "उकळून प्या."

"हो," मी म्हटलं. "तुमचं काम आटपा, उशीर होईल."

"हो, हो. काम." ते वळले आणि फाटकाकडे न जाता फलाटावरच्या हमालाकडे गेले. आमच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं.

"भैया, उज्जैन की गाडी कब है?"

"शाम को, बाबूजी. अभी तो उतरे हो."

"हां, हां. ठीक है." ते बाकावर जाऊन बसले, छत्री शेजारी ठेवली आणि हात मांडीवर घेतले. संध्याकाळपर्यंत पुष्कळ वेळ होता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चहा तसाच होता. शिट्टी झाली, गाडी हलली. अण्णांनी एकदम खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "गोळे! अहो गोळे! दिवाळीला भोपाळला या! आमच्याकडेच उतरा!"

गोळेकाका बाकावरून उठले. काहीतरी म्हणाले, पण गाडीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. गाडी वळेपर्यंत ते उभेच होते.