मास्तरांनी मोजलेली चौदा घरं

वस्तीचा नकाशा काढायचं ठरलं तेव्हा मापं घ्यायचं काम आपल्याकडेच येणार, याबद्दल शिलाई मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही पँट परत आली नव्हती. घरं तर बिचारी जागची हलतही नाहीत! पाणी खात्याचं म्हणणं साधं होतं. रहिवाशांनी नकाशा स्वतः काढावा, प्रत्येक घराने आपल्या मापापुढे सही करावी आणि पाइप आत यायला चार फुटांची वाट दाखवावी. तशी वाट होतीच, ओळीतल्या शेवटच्या म्हणजे मास्तरांच्याच घराच्या आणि गोदामाच्या भिंतीच्या मधून. महिन्याभरात नळ दारात, असं त्यांनी बायकोला सांगूनही टाकलं. ती रोज पाव मैलावरून पाणी वाहायची. ती नुसतं "बरं" म्हणाली.

मास्तरांनी एका दिवसात चौदाही घरं मोजली. सवयीप्रमाणे प्रत्येक मापाला दोन्हीकडे तीन-तीन इंच माया सोडली. पुढेमागे कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करता यावा म्हणून शिवणीत जादा ठेवतात, ती माया. घराला तिची गरज नसते हे त्यांनाही कळत होतं, पण हात ऐकेल तर ना!

कागदावर ओळीची दोन्ही टोकं आधीच आखलेली होती. खात्याच्या इंजिनिअर बाई एकेक घर मांडत गेल्या आणि मास्तरांचं घर चार फुटांची वाट गिळून तीन फूट गोदामात शिरलं.

"मास्तर, वाट कुठाय?" बाईंनी शांतपणे विचारलं.

मास्तरांनी खाली मान घालून मायेचं सांगितलं. मग प्रत्येक घर सहा इंच कमी करा आणि उद्या दुपारपर्यंत सह्या आणा, असं म्हणून बाई गेल्या.

मास्तर दारोदार फिरले. नळ सगळ्यांनाच हवा होता, सहा इंच सोडायला मात्र कोणीच तयार होईना. न्हाव्याने नवं माप व्याह्यांना कळवून टाकलं होतं. रद्दीवाल्याने म्हणे त्या सहा इंचांत शिडी ठेवायचं ठरवलं होतं. तेराव्या घरात मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ.

"दादा, माप तूच घेतलंस ना? मग ते चुकीचं कसं असेल?" तो म्हणाला.

शेवटी मास्तरांनी सगळेच्या सगळे सात फूट स्वतःच्या घरातून कापले. मायेसकट साडेनऊ फुटांचं घर कागदावर अडीच फुटांचं झालं. वाट मोकळी झाली, सह्या झाल्या, नकाशा मंजूर झाला. लोकांनी मास्तरांना डोक्यावर घेऊन नाचायचंच काय ते बाकी ठेवलं.

पाइप आला. तेरा नळ लागले. प्लंबरने मास्तरांच्या दारात उभं राहून कागद पाहिला, दार पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. अडीच फुटांच्या जागेला खातं घर धरत नाही, इथे कठडा लिहिलाय, असं सांगून तो पुढे गेला.

आता मास्तरांची बायको बादली घेऊन धाकट्या जावेच्या दारात उभी राहते. पाव मैल चालायची तेव्हा तिला कोणापुढे तोंड वेंगाडावं लागत नव्हतं. मास्तरांना याचं फार वाईट वाटतं.

परवा पलीकडच्या गल्लीतली माणसं नकाशासाठी मास्तरांना बोलवायला आली. बायकोने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "ते घरी नाहीत."

मशीनवर बसलेल्या मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं, "अगं, खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कसलं?" बादली उचलत ती म्हणाली. "आपल्याला घर आहे कुठे?"