तोफेला हेड पाहिजे

मावशीची तक्रार साधी होती. सून निवडायला तिला एक दुपार पुरली होती, घर घ्यायला एक आठवडा, आणि नवरा तर तिने समोरून जाताना पाहून मनाशी पक्का केला होता. मग चिरंजीवांना एक लोखंडाचा ठोकळा निवडायला चार महिने का लागावेत?

"ठोकळा नाही गं आई, हेड. ट्रायपॉडचं हेड," चिरंजीव समजावायचे. "खाली तीन पाय, वर कॅमेरा, आणि मधे जे कॅमेऱ्याला धरतं, वळवतं, ते हेड."

"म्हणजे मान."

"मान म्हण."

"मग एका मानेला चार महिने?"

सगळी गल्ली जिला मावशी म्हणायची ती ही बाई चौथीपर्यंत शिकली होती. चौथीत शाळेने आणि तिने एकमेकींना हात जोडले, त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. पण शिलाई मशीनवर बसून तिने घर उभं केलं होतं, पुढच्या खोलीत लेकाला फोटो स्टुडिओ काढून दिला होता, आणि मागच्या खोलीत बसून ती घर आणि स्टुडिओ दोन्ही चालवत होती. यजमान मधल्या खोलीत पेपर वाचायचे. त्यांना काहीही विचारलं की पेपर होता तिथेच राहायचा आणि मान हलायची. घरात याला चर्चा म्हणत.

चिरंजीवांनी हौसेने एक जाडजूड कॅमेरा आणि त्यावर हातभर लांब लेन्स घेतली होती. सूनबाई त्या जोडीला तोफ म्हणायची. तोफ घेण्यात खिसा रिकामा झाला, त्यामुळे तिला बसवलं जुन्याच हेडवर. त्या बिचाऱ्याने जन्मभर हलके कॅमेरे सांभाळलेले. तोफ चढवली की कितीही आवळा, ते हळूहळू मान टाकायचं. सभेत पहिल्या रांगेत बसून डुलकी घेणाऱ्या पाहुण्यासारखं. आधी पत्ता लागायचा नाही, आणि बघावं तर तोफ जमिनीकडे तोंड करून उभी.

हे ठाऊक असूनही चिरंजीवांनी बटणाच्या कारखान्याचा फोटो अंगावर घेतला.

कारखान्याच्या मालकांना सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो पाहिजे होता, आणि तोही एकाच रांगेत. "आमच्याकडे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही," ते म्हणाले. "सगळे समान. मी फक्त मधोमध." त्यासाठी सगळ्यांना एकसारखे निळे कोट दिले होते, मालकांनासुद्धा, आणि ते कोट शिवले होते मावशीने. रांग लांबलचक. जवळून काढली तर टोकाची माणसं आडवी फुगतात, म्हणून चिरंजीव आवाराच्या पलीकडच्या गच्चीवर चढले, तोफ खाली रोखली, रांग चौकटीत बसवली आणि हातात रिमोट घेऊन कठड्याशी जाऊन ओरडले, "सगळे हसा." सगळे हसले. पाठीमागे हेडने मान टाकली.

फोटोत कोट सुरेख आले होते. शिवण न् शिवण दिसत होती. फक्त कॉलरच्या वर कोणी नव्हतं.

मालकांनी फोटो उलटा करून पाहिला. उरलेला भाग मागे छापलाय की काय, असं त्यांना वाटलं असावं. मग ते म्हणाले, "शनिवारी पुन्हा काढा. आणखी एकदाच मशीनं बंद ठेवीन. या वेळी चेहरे आले नाहीत तर फोटो समोरच्या स्टुडिओत, आणि कोटही दुसऱ्या शिंप्याकडे."

फोटो गेला असता तर मावशीने लेकाला चार शब्द सुनावून विषय संपवला असता. पण कोटांचं नाव निघालं आणि प्रकरण तिच्या मशीनशी येऊन भिडलं.

"आजच्या आज हेड आण," तिने फर्मान काढलं.

"आणतो ना. फक्त कोणतं, ते ठरू दे."

ते ठरत नव्हतं हेच तर दुखणं होतं. चिरंजीव जेवताना मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. त्यात एक दाढीवाला एखाद्या हेडवर स्वतः लोंबकळून दाखवायचा. रात्री ते हेड पक्कं व्हायचं. सकाळी त्या व्हिडिओखाली कुणा परक्या माणसाने लिहिलेलं असायचं की माझं तर दोन महिन्यांत सैल झालं, की चिरंजीवांचा चहा गार. जे भक्कम ते परवडत नव्हतं, जे परवडत होतं ते भक्कम नव्हतं, आणि जे भक्कमही होतं आणि परवडतही होतं ते संपलेलं असायचं.

"डब्यावर लिहिलेलं नसतं का, किती वजन पेलतं ते?" सूनबाईने विचारलं.

"लिहितात गं. पण ते खरं धरायचं नसतं."

"मग लिहितात कशाला?" मावशी म्हणाली. "ऊठ. मी येते. मला कोण खोटं सांगतो बघू."

तिने शिलाई मशीनचं वरचं लोखंडी धूड टेबलावरून सोडवलं, चादरीत गुंडाळलं आणि लेकाच्या खांद्यावर दिलं. जाताना मधल्या खोलीत थांबून विचारलं, "बरोबर करतेय ना मी?" पेपरामागे मान हलली. चर्चा संपली.

दुकानात चादर उघडली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, आम्ही मशीन दुरुस्त करत नाही."

"दुरुस्त करायचं नाहीये. तुमच्या हेडांची परीक्षा घ्यायची आहे. मांडा."

दुकानदाराने आधी एक चकचकीत हेड मांडलं. आत गोटी होती, ती फिरवून हवं तिकडे वळवायचं. मावशीने कमरेची नाडी काढावी तितक्या सहज पिशवीतून जाड पट्ट्या काढल्या आणि मशीन हेडवर करकचून बांधलं. गोटी कुरकुरली आणि मशीन दुकानदारापुढे वाकलं.

"तुमच्या पाया पडतंय," मावशी म्हणाली. "पुढचं."

पुढचंही वाकलं. तिसरं ताठ राहिलं, पण त्याची किंमत ऐकून चिरंजीव वाकले. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "मावशी, अहो, इतकं जड काही कोणी लावत नाही त्यावर."

"मी लावतेय ना. ते खाली काय आहे, कोपऱ्यात?"

कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक जुनं, काळं, कढईएवढं हेड होतं. "ते वापरलेलं आहे. मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं. आत दणकट स्प्रिंग आहे. कोणी विचारत नाही म्हणून स्वस्तात देतोय."

मशीन चढलं. मावशीने ते पुढे झुकवलं, झुकलेलंच राहिलं. मागे झुकवलं, मागे राहिलं. तिने हात काढून घेतले, दुकानभर एक चक्कर मारली, परत येऊन पाहिलं. मशीन तसूभर हललं नव्हतं.

"आई, एक मिनिट," चिरंजीव म्हणाले. "ही स्प्रिंग मोठ्या वजनाची असते. त्यामानाने तोफ हलकी. वजन कमी पडलं तर..."

"चार महिने तोफ जड होती. आता एकदम हलकी झाली?"

"मशीनपेक्षा हलकी, असं म्हणतोय."

"मग तर अजूनच छान पेलेल. बांधा हो दुकानदार."

शनिवारी मावशी स्वतः गच्चीवर हजर झाली. खाली निळ्या कोटांची रांग मागच्याच क्रमाने भिंतीला लागून, डावीकडच्या खांबापासून उभी राहिली. मधोमध मालक, पोट आत घेऊन. जेवणाच्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत काम उरकायचं होतं. चिरंजीवांनी तोफ खाली रोखली. मावशीने येऊन हेडचे सगळे दांडे स्वतः आवळले. तिने लावलेलं बरणीचं झाकण उघडायला सूनबाई बरणी घेऊन शेजारी जायची, त्यावरून काय ते समजा.

"आता हिला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. चिरंजीवांनी कठड्यावरून हाक दिली, रिमोट दाबला, दाबला, दाबला. घंटा झाली आणि रांग जेवायला पळाली.

त्या काळ्या हेडचे दांडे झिजलेले होते. आतली स्प्रिंग मात्र तरुण होती. मशीनला ती दबून राहिली, पण तोफेचं वजन तिच्या खिजगणतीत नव्हतं. आवळलेलं असतानाही तिने हळूहळू तोफेची मान वर उचलली. घरी येऊन बघतात तर पहिल्या फोटोत सगळे हनुवटीपासून वर होते, दुसऱ्यात भुवयांपासून, आणि शेवटच्यात कारखान्याची पाटी तेवढी लख्ख.

चिरंजीवांनी कॅमेरा मावशीपुढे धरला. मावशीने मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. मशीनमध्ये दोरा आधीच होता.

शेवटी सूनबाई म्हणाली, "पहिल्या खेपेचा फोटो कॉलरपर्यंत आहे. आत्ताचा हनुवटीच्या वर. जागा तीच, कोट तेच. जोडता नाही का येणार?"

"येईल," चिरंजीवांचा चेहरा उजळला. "फक्त कोणत्या सॉफ्टवेअरने जोडायचं ते जरा..."

"जे उघडं आहे त्याने," मावशी म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. कॉलर कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. एकेक मुंडकं एकेका कोटावर बसत गेलं. शेवटी उजवीकडे एक कोट बिनमुंडक्याचा उरला.

"एक जण आला नसेल," चिरंजीव म्हणाले.

"काप. शिवताना कापड उरतंच."

सोमवारी मालकांच्या खोलीत फोटो भिंतीवर चढला. कोपऱ्यात कारकून, दारात रखवालदार, समोर मालक. आणि मावशीला एका नजरेत सगळं दिसलं, कारण त्या प्रत्येक कोटाची कंबर तिच्या हातची होती. आला नव्हता तो डावीकडचा पहिला माणूस. त्यामुळे रांग खांबाकडे एक पाऊल सरकली होती. सगळ्यांची मुंडकी शेजाऱ्याच्या धडावर बसली होती. मालकांच्या हनुवटीखाली काठीसारख्या रखवालदाराचा कोट होता. आणि मालकांचं पोट, ज्यासाठी तिने दोन्ही बाजूंना जादा पट्ट्या घातल्या होत्या, ते पलीकडच्या फिटरला लागलं होतं.

रखवालदाराने फोटो पाहिला, स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि छताकडे बघू लागला. कारकुनाला खोकला आला.

मालक फोटोच्या अगदी जवळ गेले. चिरंजीवांनी दाराकडे सरकायला सुरुवात केली.

"मी म्हणत होतो ना घरी," मालक म्हणाले, "की मी बारीक झालोय. कोणी मानायलाच तयार नव्हतं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "याच्या दुप्पट मोठा करा. आणि मावशी, पुढच्या वर्षीचे कोटही तुमचेच. पण फोटो याच सामानाने काढायचा. तुमच्या लेकाला म्हणावं, काही बदलायचं नाही."

घरापर्यंत चिरंजीवांनी कळ काढली. आत आल्यावर मात्र म्हणाले, "आई, आता तरी एक चांगलं हेड घेऊ या. एक दाढीवाला सांगत होता..."

मावशीने दोन्ही हेड उचलून कपाटात शेजारी शेजारी ठेवली. मधल्या खोलीकडे बघून विचारलं, "काय हो, सांगू का याला?" पेपरामागे मान हलली.

"ऐक," ती म्हणाली. "चार महिने तू धड एक हेड शोधत बसलास आणि तेवढ्यात मी दोन बिघडलेल्यांवर काम भागवलं. आता दोन्ही जपून ठेव. एक कायम मान टाकतं, दुसरं, कोणी काहीही सांगितलं तरी, मान वर करतं, आणि दोघं मिळून कसाबसा एक फोटो होतो. तुझ्या वडिलांचा आणि माझा संसार असाच झाला, आणि त्यात मधोमध तू निघालास. म्हणून एवढंच सांगते, जोड नीट बसलीय का ते आधी बघत जा."