रामभाऊंची पाण्यातली शिफ्ट

सुशांतचं एक ठाम मत होतं. माणसाला अवघड प्रश्न घरात विचारू नये, कारण घरातून माणूस उठून जाऊ शकतो. प्रश्न अशा जागी विचारावा जिथून उठून जायला जागाच नसते. दोन वर्षं इंदूरभर पाण्याचे फिल्टर विकून त्याने हे ज्ञान मिळवलं होतं. स्नेहलतागंजातल्या एका काकांना तर त्याने दाढी चालू असताना, अर्ध्या गालावर साबण असताना गाठून फिल्टर विकला होता.

आता प्रश्न वडिलांना विचारायचा होता.

रामभाऊ परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये एकतीस वर्षं मागावर होते. मिल बंद पडून चार वर्षं झाली होती. पण ही बातमी रामभाऊंच्या पायांपर्यंत पोचली नव्हती. ते रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचे, मिलच्या कुलूपबंद गेटसमोर नाल्यावरच्या पुलियावर बसायचे आणि तीनला उठून घरी यायचे. डबा खाल्लेला असायचा. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, बसतो जरा."

सांवेर रोडवर प्लॅस्टिकची पोती विणणारा एक कारखाना निघाला होता. मालकाच्या घरी सुशांतनेच फिल्टर बसवला होता, त्या ओळखीवर मालक रामभाऊंना सुपरवायझर म्हणून घ्यायला तयार होता. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. रामभाऊंनी आत्तापर्यंत दोन उत्तरं दिली होती. पहिलं, "बघू." दुसरं, "पोतं म्हणजे कापड नव्हे."

अशात सुशांतने कंपनीचं टार्गेट तोडलं आणि त्याला दोन माणसांची अंदमानची सहल बक्षीस मिळाली. आई, म्हणजे सुनंदाबाई, विमानाला नाही म्हणाल्या. त्याच्या खाली काही नसतं, हे त्यांचं कारण होतं आणि ते खोडता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी सुशांतला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबांना ने आणि तिथेच काय ते विचार, मला रोज कुलपासाठी डबा भरायचा कंटाळा आलाय.

सुशांतला हेच हवं होतं. चारी बाजूंनी समुद्र. बाबा उठून जातील कुठे?

शनिवारी, सहलीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास बोटीने त्यांना एका लहानशा बेटावर सोडलं. कार्यक्रम साधा होता: पाण्यावर पालथं तरंगून खालचे मासे बघायचे, मग किनाऱ्यावरच्या झोपडीत तळलेले मासे खायचे. आधी ओळख, मग जेवण. तोंडात धरायची नळी आणि डोळ्यांवरचा चष्मा एका खोलीमागे एकच मिळणार होता. स्नॉर्कलिंग करवणारा विजय म्हणाला, "आधा घंटा अंकलजी, आधा घंटा आप."

रामभाऊंनी तेवढंच मुलाला पुन्हा विचारलं, "म्हणजे अकराला तू येणार?"

"हो बाबा, अकराला पक्का," सुशांत म्हणाला.

रामभाऊंनी लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून तपासले, आणि अजिबात पोहता न येणारा तो माणूस मिलच्या गेटातून आत जावा तसा समुद्रात गेला. पन्नास पावलांवर एक तरंगतं पिंप दोरीने बांधलेलं होतं. ती दोरी धरून ते पालथे झाले.

सुशांतची योजना तयार होती. बाबा बाहेर येतील, मासे बघून खूश असतील, भूक लागलेली असेल, समोर सुरमई ठेवायची आणि विचारायचं. पण ग्राहकाला देण्याआधी माल स्वतः तपासावा, म्हणून त्याने एक तुकडा मागवला. मग दुसरा. मग झिंगे. मग झिंग्यांच्या रश्श्याला न्याय मिळावा म्हणून भात. वरून शहाळं. इंदूरच्या माणसाला पोटात जागा नाही हे पोट सांगत नाही, झोप सांगते. सुशांत माडाखाली आडवा झाला.

विजयने त्याला हलवून उठवलं तेव्हा पावणेदोन वाजले होते. अंकलजी बाहर नहीं आ रहे, असं तो सांगत होता. त्यांना चार वेळा बोलावलं. दोनदा चष्मा काढून घ्यायचा प्रयत्न केला. ते दोरी सोडत नाहीत. दोन वाजता बोट परत निघायची आहे.

सुशांत पाण्याकडे धावला. बोट पिंपाजवळ थांबली होती, तिच्यात सगळे प्रवासी बसून होते आणि खाली रामभाऊ तरंगत होते. हालचालीत राग नव्हता. घाई तर नव्हतीच.

बोटीत एक चर्चा होऊन गेली होती. एका नवविवाहित जोडप्याचं म्हणणं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. झोपडीवाल्याला वाटलं ते जेवणासाठी अडून बसलेत, म्हणून त्याने होडीतून एक ताट पाठवलं. रामभाऊंनी ते एक हात कपाळाला लावून परत केलं. जेवणाची सुट्टी झाल्याशिवाय ड्यूटीवर ते खात नसत. शेवटी भोपाळचे एक टोपीवाले गृहस्थ पुढे सरसावले. ते लेबर खात्यातून रिटायर झालेले होते, आणि पाण्यात निश्चल बसलेला कामगार पाहून त्यांची नोकरी जागी झाली होती. बोटीच्या काठावरून वाकून त्यांनी अगदी सरकारी मृदूपणाने विचारलं, "आपकी माँगें क्या हैं?"

असा आवाज रामभाऊंनी संपाच्या काळात फार ऐकला होता. त्यांनी नळी तोंडातून काढली.

"एक ही है. मेरा लड़का."

सगळ्या बोटीने किनाऱ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावर सुशांत उभा होता. शर्टावर रस्सा होता.

त्यालाही पोहता येत नव्हतं. शिवाय पोटात अर्धं बंदर होतं. विजयने त्याला जॅकेट घातलं आणि ओढत ओढत पिंपापर्यंत नेलं. जवळ पोचताच रामभाऊंनी हातावरचं घड्याळ पाहिलं. ते कधीच बंद पडलं होतं, पण पाहिलं.

"किती वाजलेत?"

"बाबा, सॉरी. आँख लग गई यार. पण तुम्ही बाहेर का नाही आलात? हा विजय घेत होता ना चष्मा."

"तो माझा बदली नाही. तू होतास. बदलीवाला येऊन हात लावेपर्यंत माग सोडायचा नसतो. चालता माग सोडून गेलेला माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही."

"अहो बाबा, हा समुद्र आहे."

"चालू तर आहे ना?"

सुशांतने आजूबाजूला पाहिलं. समुद्र चालूच होता.

रामभाऊंनी दोरी काखेत दाबली, चष्मा काढून मुलाच्या डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा ओढला, नळी त्याच्या दातांत बसवली आणि पद्धतीप्रमाणे चार्ज दिला. डाव्या काचेतून थोडं पाणी येतं. खाली उजव्या हाताला एक निळा आहे, तो चिडका आहे, त्याच्याकडे बोट करू नको. पिवळे गटाने येतात. दोरी सोडायची नाही.

मग त्यांनी मुलाचा हात दोरीवर ठेवला.

"त्या दिवशी तीनचा भोंगा झाला," ते म्हणाले. "मी मागाजवळ उभा. दुसऱ्या शिफ्टचा आलाच नाही. साडेतीन झाले, चार झाले. मग लाइट गेली आणि माग आपोआप थांबले. साहेब म्हणाले घरी जा. माग कुणाच्या हातात दिला नाही रे मी. तसाच आलो."

सुशांतला खूप काही बोलावंसं वाटलं. फिल्टर विकणाऱ्या माणसाकडे शब्दांना तोटा नसतो. पण तोंडात नळी होती. तिच्या वरच्या टोकातून फक्त 'भुर्रर्र' असा आवाज आला.

रामभाऊंनी तो नीट ऐकून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाने सल्ला न देता काहीतरी म्हटलं होतं.

"बरं," ते म्हणाले, "सोमवारी त्या सांवेर रोडवाल्याकडे किती वाजता जायचंय?"

महिनाभर ज्या प्रश्नासाठी सुशांतने योजना आखली, जो विमानात पाठ केला, त्याचं उत्तर असं न विचारताच समोर आलं. त्याला इतका आनंद झाला, की त्याने दोन्ही हात पाण्याबाहेर काढून आठ बोटं दाखवली.

दोन्ही हात.

दोरी राहिली तिथेच, सुशांत निघाला. ओहोटी शांतपणे त्याला उघड्या समुद्राकडे घेऊन चालली. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं, आणि मग नळीत पाणी गेलं. चिडका निळा मासा त्याला दिसला नाही, कारण त्याने डोळे मिटले होते. विजयने पोहत जाऊन त्याला जॅकेटच्या कॉलरला धरलं आणि बोटीत ओतलं. भोपाळच्या साहेबांनी टोपी काढून बाजूला सरकून जागा दिली.

रामभाऊ आधीच वर येऊन बसले होते. झोपडीवाल्याने पाठवलेलं ताट आता त्यांच्या मांडीवर होतं. ते सावकाश काटे काढत सुरमई खात होते.

"आठला ना?" त्यांनी विचारलं. "सातलाच निघेन. आणि मी एकटाच जाईन. तू मिलमध्ये असतास तर तीन दिवस टिकला नसतास."

सुशांतने मान हलवली. तोंडात अजून थोडा समुद्र होता.